हूं म्हणणारं घर

आमच्या घराण्यात पदवी घेणारी पहिली मी. चाकूर तालुक्यातल्या आमच्या गावाहून रोज एसटीनं लातूरला येऊन बी.एस्सी. केलं, ते पण बहुतेक वेळा उभ्यानं. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते, म्हणून इथंही सांगून टाकलं. लग्नानंतर लातुरातच राहायला आले आणि घराच्या पुढच्या खोलीत दहावीच्या पोरींची विज्ञानाची शिकवणी घेऊ लागले. लोकांची लेकरं मार्गी लावणारी बाई म्हणून गल्लीत माझा दबदबा होता. अशा बाईला एक दिवस लेकीच्या शाळेतून बोलावणं आलं.

लेक बालवाडीत होती. तिच्या बाईंनी मला लेकरांच्या इवल्याशा खुर्चीवर बसवलं आणि म्हणाल्या, "हुशार हाय हो, पण बोलत न्हाई. काही विचारलं की खाली बघून नुस्तं हूं म्हणती. नाव काय? हूं. डबा खाल्ला का? हूं. शेवटच्या आठवड्यात सगळ्यांना आईवडिलांसमोर उभं करून घरची गंमत सांगायला लावणार हाय. तेव्हा पण हूंच म्हणली तर पहिलीत कशी पाठवू? अजून एक वर्ष इथंच राहू द्या."

बी.एस्सी. आईची लेक बालवाडीत नापास! शेवटचा आठवडा महिन्यावर आलेला. मी तणतणत घरी आले आणि ह्यांना सगळं सांगितलं. हे मूळचे उदगीरचे, भांड्यांचं दुकान लातुरात, पण जीव अडकलेला उदगीर जिल्हा होण्यात. त्या मागणीचा एक ग्रुप होता. सकाळी कपाळाला विभूती लावताना सुद्धा ह्यांचा डावा हात त्या ग्रुपवर. जिल्हा अजून झाला नव्हता, पण ह्यांनी कलेक्टर कचेरीची जागा ठरवून त्यावरून दोन जणांशी भांडणही केलं होतं.

माझं बोलणं संपल्यावर हे म्हणाले, "हूं."

मला शंका आली. म्हटलं, "भाकरी वाढू का?"

"हूं."

"पिठलं संपलं, चटणीवर भागवता का?"

"हूं."

"मी दुसरं लग्न करू का?"

"हूं. बघ तुझ्या सोयीनं."

लेक कोपऱ्यात बसून हे सगळं ऐकत होती. मी ह्यांच्या हातातला फोन ओढला आणि पोरगी कुणावर गेली ते खणखणीत आवाजात सांगितलं. हे पण काही कमी नाहीत. म्हणाले, "ग्रॅज्युएट बाई, परवा तुम्हाला मी म्हणलो, दुकानाला आग लागली. तुम्ही काय म्हणलात?"

मी काय म्हणाले असेन ते सांगायची गरज नाही.

पण माझ्याकडे सबळ कारण होतं. तो उन्हाळा लातूरच्या दुष्काळाचा. नळ कोरडे, सगळी मदार टँकरवर. टँकर कधी येणार याची बातमी गल्लीच्या ग्रुपवर यायची, आणि शिकलेली म्हणून त्या ग्रुपची मुख्य मी. मेसेज चुकला तर पुढचे पाच-सहा दिवस ड्रम रिकामा. म्हणून फोन माझ्या हातात. शिकवणीच्या वेळी पोरीनं गडबड करू नये म्हणून तिच्या हातात. खोटं कशाला बोलू, टँकरचा मेसेज यायचा कधीतरी एकदा. बाकी वेळ कुणी कुणाची घागर ओळीतून मागं सारली, कुणाच्या सुनेनं कुणाला काय म्हटलं, हेच चालायचं. ते चुकवणं मला टँकर चुकवण्यापेक्षा जड गेलं असतं.

तरी मी नियम केला. शाळा सुटल्यापासून लेक झोपेपर्यंत माझा फोन तांदळाच्या डब्यात. ह्यांनी त्यांचा दुकानात ठेवून यायचा. ह्यांनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांना गच्चीवरची टाकी बघायची लई ओढ लागली. टाकीत दोन महिने थेंब नव्हता. हे मात्र अर्धा-अर्धा तास बघून यायचे.

मी ह्यांना हसायची, आणि माझं काय? मी तांदळाच्या डब्यातून फोन काढायची, पदराखाली धरायची आणि न्हाणीत शिरून कडी लावायची. आमची न्हाणी म्हणजे तेव्हा पाण्याचं गोदाम. प्यायच्या पाण्याचा ड्रम पण तिथंच, कारण घरात दुसरीकडं जागाच नव्हती. ड्रमाला टेकून मी गल्लीची भांडणं वाचायची.

चार-पाच दिवस ठीक गेलं. मग एका संध्याकाळी दारावर थाप पडली.

"मम्मी, काय करायलीस?"

मी वरच्यावर म्हटलं, "आंघोळ."

मग लेकीचा आवाज, "मम्मी, आज आंघोळीचा वार न्हाई."

खरंच होतं. त्या उन्हाळ्यात आमच्या घरी आंघोळीचे वार ठरलेले होते, बुधवार आणि रविवार. तो होता शुक्रवार. मी उत्तर शोधत असतानाच ती पुढं म्हणाली, "आणि पाण्याचा आवाज पण येईना."

मी दचकून ड्रमाचा काठ धरत उठले. ड्रमाचं झाकण मी बसायला म्हणून काढून खाली ठेवलं होतं. फोन हातातून सुटला आणि सरळ प्यायच्या पाण्यात गेला.

दार उघडलं. दोघी ड्रमात वाकून बघत बसलो. तळाशी फोनचा दिवा थोडा वेळ चालू होता, त्यात कुणाचातरी मेसेज आलेला पण दिसला. मग विझला. मी झारा घालून फोन वर काढला आणि मला पहिली काळजी फोनची नाही, पाण्याची वाटली. गच्च भरलेला ड्रम, कालच भरलेला. त्या उन्हाळ्यात तो ओतून देणारी बाई लातुरात शोधून सापडली नसती. मी झाकण लावलं.

"पप्पांना फोन बादलीत पडला म्हणून सांगायचं," मी म्हटलं. "धुण्याच्या बादलीत. कळालं?"

लेक माझ्याकडे टक लावून बघत होती. म्हणाली, "हूं."

फोन तांदळात पुरला, तरी उठला नाही. दुसरा घ्यायला ह्यांनी चांगलाच वेळ लावला. त्यामुळं टँकरची वाट बघायला मला लेकीला घेऊन दाराच्या पायरीवर बसावं लागलं. कोपऱ्यावरच्या काकूंना टँकर दिसला का ते विचारून यायला मी तिला पाठवायची. पहिल्या दिवशी ती गेली आणि मुकाट्यानं परत आली.

"काय म्हणल्या काकू?"

"हूं म्हणल्या."

"काकूंकडं कुठला आलाय फोन? खरं सांग."

"मीच हूं म्हणले," ती म्हणाली. मग पुन्हा पळाली आणि नीट विचारून आली. दोन आठवड्यांत पोरीला टँकरवाल्याच्या मेहुण्याचं लग्न कधी आहे ते सुद्धा ठाऊक झालं. पायरीवर बसून दुसरं करणार काय? बोलायलाच लागायचं. सुरुवातीला मलाच सुचेना. काय विचारावं पाच वर्षांच्या लेकराला? तिनं मात्र विचारायला सुरुवात केली ती थांबेचना. माझं डोकं उठायचं, आणि मी हूं म्हणायला तोंड उघडलं की ती माझी हनुवटी धरून तोंड तिच्याकडं वळवायची.

हे गच्चीवर जायचे ते काही थांबले नाहीत. खालून लेक ओरडायची, "पप्पा, जिल्हा झाला का?" शेजारच्या गच्चीवरचे लोक हसायचे. तेव्हा कुठं हे खाली यायचे.

शेवटचा आठवडा आला. आम्ही दोघं शाळेत गेलो. वीस-बावीस आईबाप, इवल्या खुर्च्या. लेकीची पाळी आली. ती पुढं जाऊन उभी राहिली. खाली बघितलं.

बाई म्हणाल्या, "सांग बाळा, घरात काय गंमत झाली?"

"हूं," ती म्हणाली. मग तिनं मान वर केली. "आमची मम्मी आंघोळीचा वार नसला तरी न्हाणीत जाती. फोन बघायला. मी दार वाजवलं तर तिचा फोन पाण्यात पडला. प्यायच्या. मग मम्मीनं झाऱ्यानं काढला, जसं भजं काढतेत. आणि म्हणली, पप्पांना बादली सांग."

खोली हसून हसून लोळली. बाईंनी पदर तोंडाला लावला होता. त्यातूनच त्यांनी विचारलं, "मग त्या पाण्याचं काय केलं गं?"

"पप्पा पिले ना."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी फळ्याकडं बघितलं. लेक अजून बोलतच होती, टँकरवाल्याच्या मेहुण्यापर्यंत पोचली होती. बाईंनी तिला हाताला धरून जागेवर नेऊन बसवलं आणि मला लांबूनच मान हलवून खूण केली. पोरगी पहिलीत गेली.

स्कूटरवर पुढं ती, मध्ये हे, मागं मी. चौकात हे मान न वळवता म्हणाले, "उकळलं तरी होतं का?"

"दोनदा," मी म्हटलं.

पुढून आवाज आला, "एकदाच."