कपाशीच्या शेतातून निघालेली रिक्वेस्ट

बाबा गुरुवारी गेले. दुपारी तेलंगणातल्या तलमडुगुच्या शेतात होते, संध्याकाळी नव्हते.

तेराव्यानंतर मी मावला गावातल्या आमच्या घरी पुन्हा कामाला बसलो, तेव्हा आई म्हणाली, "त्या दिवशी बांधावर फोनले काही विचारून राह्यले होते. मले वाटलं, तुह्यासंगच बोलून राह्यले."

माझ्याशी नव्हे. मी ज्या कंपनीत आहे तिच्या ॲपवर शेतकरी पिकाबद्दल बोलून विचारतात आणि उत्तर फोनवर येतं. बाबांच्या प्रश्नापुढे 'पाठवला' असं दिसत होतं, उत्तर नव्हतं. पाठवलेला आवाज फोनमध्ये राहत नाही. म्हणजे त्यांचं शेवटचं बोलणं आमच्याच कुठल्यातरी सर्व्हरवर असणार. मला ते ऐकायचं होतं.

फोनमधून निघणाऱ्या प्रत्येक रिक्वेस्टला, म्हणजे सर्व्हरकडे पाठवलेल्या प्रश्नाला, एक क्रमांक मिळतो. ती जिथे जाईल त्या सर्व्हरनं तो नोंदवायचा आणि पुढच्याला द्यायचा, म्हणजे मागाहून तिची वाट सापडते. पहिल्या सर्व्हरवर बाबांचा क्रमांक होता, दुसऱ्यावरही होता. दुसरा तो पुढे देतच नव्हता.

पुण्याच्या सहकाऱ्याला फोन करून हे सांगितलं.

"ते कधीचं राहिलंय रे," तो हसला. "एवढी घाई कुणाला आहे? तक्रार कुणाची?"

"माझ्या बाबांची."

तो हळूच म्हणाला, "क्रमांक सोड. वेळ जुळवून बघ."

वेळ जुळवत बसलो. त्याच क्षणी आलेल्या परक्या माणसांच्या रिक्वेस्ट एकेक करून बाजूला काढायच्या, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. राग कुणावर काढायचा तेही कळेना. शेवटी आवाज ओळखणाऱ्या सर्व्हरवर ओळ सापडली: भाषा ओळखता आली नाही, फाइल काढून टाकली.

फोन तेलंगणात होता, म्हणून यंत्रणेनं तेलुगू धरली होती. बाबा बाजारात तेलुगू बोलत, व्यापाऱ्याशी हिंदी. कपाशीबद्दल ते मराठीतच बोलणार.

"सापडलं काय?" आईनं विचारलं.

"कुठं अडलं ते सापडलं."

"अन् बोलले काय थे?"

"ते नाही सापडत, आई."

"मंग इतके दिवस काय पाहून राह्यला होता तू?"

यंत्रणेतली ती चूक मी दुरुस्त केली; आता इथून मराठीत विचारलेला प्रश्न मराठीतच ऐकला जातो. बाबांच्या रिक्वेस्टची वाट माझ्या स्क्रीनवर पूर्ण दिसते, बोलणं किती वेळ चाललं तेही दिसतं. त्यांनी काय विचारलं, ते मला माहीत नाही.