नव्या मेलची घंटी

नव्वदीच्या अखेरीस बोईसरच्या एका रसायन कारखान्यात मी टायपिस्ट होते. ऑफिसात ईमेल आलं, पण मॅनेजरसाहेबांना कोणी मेलच पाठवेना. तरी त्यांनी मला फर्मावलं, “नवा मेल आला की घंटी वाजली पाहिजे. सगळ्यांना ऐकू जाईल अशी!”

मी सेटिंग केलं, स्पीकरचा आवाज वाढवला. चाचणी म्हणून साहेबांनी स्वतःलाच मेल पाठवला. थोड्या वेळाने घंटी खणखणली. सगळे धावले. जवळच्याच नवापूर गावाहून येणाऱ्या शिपाईमामांनी विचारलं, “कोनाचा हाय?”

“माझाच,” म्हणत साहेबांनी तो मोठ्याने वाचून दाखवला. मग अदबीने उत्तर लिहिलं, “आपला मेल मिळाला, आभारी आहे.”

पुन्हा घंटी वाजली. साहेबांचा चेहरा उजळला.

“बघा, याला म्हणतात तत्परता!”

आम्ही टाळ्या वाजवल्या.