अण्णांचा लिलाव आणि लाल फिल्टर

"अहो ताई, एक बाटली रक्त चढवून टाका ना! लय विचार करता बुवा तुम्ही."

"चढवा म्हणे! सलाईन वाटलं का ते?"

नाशिकच्या एका हॉस्पिटलात मी डायलिसिस टेक्निशियन आहे. बेडवरून हुकूम सोडणारे अण्णा म्हणजे पिंपळगाव बसवंतचे कांदा व्यापारी. दोन्ही किडन्या निकामी. किडनी नुसतं रक्त गाळत नाही, रक्त तयार करायचा निरोपही हाडांना तीच धाडते. ती बसली की हिमोग्लोबिन उतरतं. म्हणून इंजेक्शनं द्यायची, लोह द्यायचं. अण्णांना सगळं चालू होतं, पण आकडा सातावरून हलेना. जिना चढताना धाप लागायची.

बाटली चढवायला डॉक्टर तयार नव्हते. अण्णांच्या पत्नी, सुमनताई, त्यांना किडनी देणार होत्या. परकं रक्त घेतलं की शरीर कधीकधी परक्या अवयवावर डूख धरायला शिकतं. मग बायकोची किडनीसुद्धा नको म्हणतं. म्हणजे सगळंच मुसळ केरात.

मी त्या शिफ्टला नवीन होते. पहिल्याच दिवशी तीन तास होतात न होतात तोच अण्णांची चुळबुळ सुरू.

"ताई, सोडा आता. लिलाव चालू व्हईल. ट्रॅक्टर लागले असतील."

"चार तास भरायचेत, अण्णा."

"मला रोज सोडत्यात. ते शेवटचं सलाईन बी राहू द्या. पट्टी मारा."

आता माझी ट्यूब पेटली. डायलिसिस संपताना नळ्यांत आणि फिल्टरमध्ये पेशंटचंच रक्त असतं. सलाईन सोडून ते हळूहळू अंगात परत करायचं, फिल्टर जवळजवळ पांढरा होईपर्यंत. अण्णांना तेवढाही दम नव्हता. शिवाय वेळ कमी, म्हणजे रक्तातली घाण उरते आणि इंजेक्शनही नीट लागू पडत नाही.

नळ्या काढायच्या आधी मी लालभडक फिल्टर त्यांना दाखवला. "हा असाच कचऱ्यात टाकू?"

"टाका की."

"अहो, रक्त आहे हे तुमचं! दर खेपेला घरचं फेकता आणि वर बाटली मागता?"

कोपऱ्यातल्या खुर्चीवरून सुमनताई उठल्या. "झोपा मुकाट्यानं. लिलावाला मी जाते."

"तुला कांद्यातलं काय कळतंय?"

"आणि आजवर तुमचा माल निवडतंय कोण?"

त्या गेल्यासुद्धा! चार तास भरल्यावर मी सावकाश रक्त परत केलं. त्या दिवसापासून अण्णा पूर्ण वेळ पडून राहू लागले. तोंड पाडून, पण राहिले. काही महिन्यांत हिमोग्लोबिन दहाच्या वर गेलं, बाटली न चढवता. मी तर युनिटभर पेढे वाटले. ऑपरेशन झालं. सुमनताईंची किडनी अण्णांच्या पोटात झकास रुळली.

परवा दोघं तपासणीला आले. अण्णांच्या गालावर चक्क लाली.

"काय अण्णा, लिलाव जोरात?"

"कुठला लिलाव, ताई! ही म्हणती, किडनी दिली तेवढं पुरे. लिलाव परत मिळणार नाय."

सुमनताई पदर सावरत हसल्या, घड्याळ बघितलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "चला, उशीर होतोय."

घाईत उरकलेल्या डायलिसिसमध्ये रक्त जातं. पूर्ण केलेल्या डायलिसिसमध्ये, अण्णांच्या मते, धंदा जातो.