रॅम्पवरच्या कुरड्या

कैलासची व्हीलचेअर दारात उभी होती. समोर उतार होता आणि उतारभर कुरड्या होत्या. पाऊल टाकायला जागा नव्हती, तिथे चाकाला कुठून असणार? रिव्ह्यूला आठ दिवस राहिले होते.

"दुकानावर जाणार होता ना आज?" मी विचारलं.

"जातो ना मावशी," तो म्हणाला. "थोड्या वाळू दे."

त्याच्या हातात काठी होती. कावळे हाकलायला. ती शेजारच्या शेवंताबाईंनी दिली होती. म्हणजे कुरड्याही त्यांच्या आणि राखणदारही त्यांचाच.

माझं काम आधी सांगते. मी वीस वर्षं अंगणवाडीत मदतनीस होते. शाळा चौथीपर्यंत. अंगणवाडी सुटल्यावर एका संस्थेत लागले. ज्या मोठ्या माणसांना अपंगत्व आहे, त्यांना स्वतःच्या घरात स्वतःच्या हिमतीवर राहता यावं, असं ते काम. आम्हाला सपोर्ट वर्कर म्हणतात. नावात सपोर्ट आहे, पण करायचं असतं उलटंच. हात बांधून उभं राहायचं. पलंगावरून व्हीलचेअरमध्ये सरकण्याला ट्रान्सफर म्हणतात. पहिल्या दिवशी कैलासला ट्रान्सफरला अर्धा तास लागला. तेवढ्यात मी चार पोरांच्या आंघोळी उरकल्या असत्या. पदराचा बोळा करून उभी राहिले, पण हात लावला नाही.

कैलास बेचाळीस वर्षांचा. दहा वर्षांपूर्वी कडुनिंबावरून पडला आणि कमरेखालचं सगळं गेलं. दिवाळीच्या आधी आई वारली. भाऊ प्रल्हाद नांदुऱ्याला असतो. तो म्हणाला, मी याला घेऊन जातो. माणूस वाईट नाही, पण त्याची खोली दुसऱ्या मजल्यावर. कैलास एकदा वर चढवला की तिथून थेट तिरडीवरच खाली येणार, हे मी त्याला तोंडावर सांगितलं. त्याला राग आला. शेवटी आमच्या मॅडमनी मध्यस्थी केली. तीन महिने बघू, मग रिव्ह्यू, म्हणजे जमलं का नाही त्याची तपासणी. इथेच, वडनेर भोलजीच्या स्टँडजवळ हार्डवेअरचं दुकान आहे. दुकानदार कैलासला ओट्यावर बसून कूलर, पंखे दुरुस्त करू द्यायला तयार होता. कैलास एकटा तिथे जाऊन येऊ शकला, तर तो इथेच राहील. नाहीतर नांदुरा.

मग संस्थेने रॅम्प बांधून दिला. रॅम्प म्हणजे पायऱ्यांऐवजी उतार. एक फूट उंचीला बारा फूट लांबी लागते, नाहीतर खुर्ची माणसाला घेऊन पळते. कैलासचा ओटा दीड फूट, म्हणून रॅम्प अठरा फूट, भिंतीला लागून. चार फूट रुंद, गुळगुळीत सिमेंट, दिवसभर ऊन. शेण नाही, माती नाही. अशी जागा त्या गल्लीत दुसरी नव्हती.

सुरुवात कुणी केली ते नंतर येईल. आधी एका कोपऱ्यात मिरच्या दिसल्या. मग मुगवड्या आल्या. मग शेवंताबाईंचं जुनं लुगडं अंथरलं गेलं आणि त्यावर कुरड्या बसल्या. उन्हाळा लागला तसा रॅम्प रोज भरायला लागला.

मी कैलासला म्हटलं, सांग त्यांना.

"कसं सांगू? आई गेली तवा काकूनं तेरा दिवस डबा देल्ला मले."

तेही खरं होतं. शिवाय शेवंताबाई दिवसातून दोनदा हाक मारायच्या, बापू, काही पाहिजे का? मीठ म्हटलं की मीठ, साबण म्हटला की साबण. त्याला बाहेर जायची गरजच त्यांनी ठेवली नव्हती. बाई मनाने चांगली. चांगल्या माणसाला उठवणं अवघड असतं.

मी मॅडमना फोन केला. म्हटलं, मला पाच मिनिटं द्या, अख्खी गल्ली मोकळी करते.

"नाही," मॅडम म्हणाल्या. "क्लायंटच्या वतीने बोलायचं नाही. तुम्ही रॅम्प मोकळा केलात तर तो तुमचा रॅम्प होईल."

आमच्याकडे ज्याला मदत करतो त्याला क्लायंट म्हणतात. मॅडम माझ्या नातीच्या वयाच्या आहेत. पण नियम म्हणजे नियम.

मग मी त्याची तालीम घेतली. मी शेवंताबाई झाले, कमरेवर हात ठेवून उभी राहिले. म्हटलं, बोल.

कैलासने घसा साफ केला. "काकू, औंदा कुरड्या पांढऱ्याशुभ्र झाल्या."

दुसऱ्यांदा म्हणाला, काकू, तुमची तब्येत कशी आहे? तिसऱ्यांदा मला पाणी पाहिजे का विचारलं. मी तालीम बंद केली.

रिव्ह्यूच्या आदल्या दिवशी त्याने शपथ घेतली की संध्याकाळी सांगतो. सकाळी मी पोचले तेव्हा रॅम्प वरपासून खालपर्यंत भरलेला होता. शेवंताबाईंची मुलगी बाळंतपण उरकून सासरी निघाली होती, तिच्यासाठी शेवटचा घाणा. वरच्या अंगाला कालच्या, करकरीत. खालच्या अंगाला पहाटेच्या, ओल्या.

"सांगतलं नाही?"

"सांगतलं," कैलास म्हणाला. "म्हटलं, उद्या पाहुणे येऊन राह्यले. तर काकू म्हणे, मंग चहाले दूध आणून देतो."

दहाला मॅडम आल्या. पाठोपाठ प्रल्हाद ऑटो घेऊन आला. ऑटोत रिकाम्या पिशव्या आणि दोर होता. रॅम्प पाहून तो हसलासुद्धा नाही.

"पाहा मॅडम. दारातून निंगता येत नाही त्याले, दुकान कुठचं घेऊन बसले." मग कैलासला म्हणाला, "चाल, सामान काढ."

बाजूने ओट्यावर चढून त्याने व्हीलचेअरच्या मागच्या मुठी धरल्या आणि खुर्ची आत वळवायला लागला. कैलासला न विचारता.

कैलासने त्याचा हात झटकला. खुर्ची स्वतः सरळ केली. मला वाटलं, आता काकूंना हाक मारेल. त्याने हाक मारली नाही. काठी खाली टाकली आणि चाकांना जोर दिला.

वरचे दहा फूट आवाज झाला. असा कडकडाट मी जन्मात ऐकला नाही. पुढचे चार फूट आवाज नव्हता, नुसता लगदा. मग पुढच्या लहान चाकात लुगडं गुंडाळलं गेलं आणि खुर्ची गचकन थांबली. उताराचे चार फूट बाकी होते.

शेवंताबाई दूध घेऊन बाहेर आल्या. पातेलं त्यांनी हळूच खाली ठेवलं. सांडलं नाही.

"डोये फुटले का रे तुहे? तीन दिस गहू भिजवले म्या."

"डोये शाबूत हायेत," कैलास म्हणाला. "पाय गेले. हा वाळवणाचा ओटा नोहे काकू, माह्या रस्ता हाय."

"मंग महिनाभर तोंडात काय धरून बसला होता?"

"लाज."

"आज कुठं गेली ते?"

"तुह्या कुरड्यायखाली."

गल्ली गोळा झाली. शेवंताबाईंनी त्याचं लहानपण काढलं, त्याने त्यांची कोंबडी त्याच्या घरात शिरते ते काढलं. आवाज चढत गेले. मॅडम माझ्या कानात म्हणाल्या, काहीतरी करा. मी म्हटलं, क्लायंटच्या वतीने बोलायचं नाही.

तेवढ्यात शेवंताबाई म्हणाल्या, गल्लीतल्या सगळ्याच बाया टाकतात, मी एकटीच दिसले का? आणि कैलासने बोट माझ्याकडे केलं.

"पहिले कोणं टाकलं इथं? या मावशीनं. मिरच्या."

सगळी गल्ली माझ्याकडे बघायला लागली. मॅडमही.

"ओल्या होत्या," मी म्हटलं.

खरंच होत्या. येताना अवकाळीत भिजलेल्या. तासभरच ठेवल्या होत्या. पण पहिल्या माझ्याच, हे नाकारून उपयोग नाही.

प्रल्हादला भावाची कणव आली. तो हात जोडून मध्ये पडला. "जाऊ द्या काकू. अपंग माणूस हाय, त्याच्या बोलण्याचं काय मनावर घेता."

शेवंताबाई गर्रकन त्याच्याकडे वळल्या. "अपंग असंल तुह्या घरी. माह्या कुरड्या मोडल्या त्यानं. तू मधात बोलू नको."

प्रल्हादने जोडलेले हात सोडले.

कैलास खाली वाकला. चाकात गुंडाळलेलं लुगडं ओढायला लागला. प्रल्हाद पुढे सरकला, तर मॅडमनी त्याला हाताने थांबवलं. मीही पदराचा बोळा केला. बराच वेळ लागला. लुगडं फाटलं आणि सुटलं. मग तो उरलेला उतार उतरला, कुणाकडे न बघता स्टँडकडे गेला. चाकांच्या मागे चिकाच्या दोन रेघा उमटत होत्या.

पाऊण तासाने तो परत आला. मांडीवर दुकानातून आणलेला कूलरचा कंडेन्सर होता. रॅम्प झाडून धुतलेला होता. शेवंताबाई दार लावून बसल्या होत्या. दूध मात्र ओट्यावर ठेवून गेल्या होत्या. मी चहा टाकायला उठले, तर कैलास म्हणाला, बसा, मी टाकतो. प्रल्हादने चहा घेतला आणि रिकाम्या पिशव्या घेऊन ऑटोत बसला. जाताना म्हणाला, दिवाळीला येतो.

मॅडमनी फॉर्म काढला. स्वतः बाहेर जातो का, हो. स्वतःची बाजू मांडतो का, हो. पुढचा रकाना होता, शेजाऱ्यांशी संबंध कसे आहेत. मॅडमनी पेन थांबवला.

"बिघडलेले," मी म्हटलं. "तसंच लिहा."

शेवंताबाई पंधरा दिवस बोलल्या नाहीत. मग त्यांचा कूलर बंद पडला. रॅम्पच्या खाली उभ्या राहून त्यांनी दुसरीकडे बघत ते सांगितलं. कैलासने त्यांना दोन दिवस थांबवलं. नंबर लावा म्हणाला. आता दोघांचं महिन्यातून एकदा तरी वाजतं.

त्या घरात दहा वर्षं कैलासला सगळ्यांनी दूध दिलं, मीठ दिलं, डबा दिला. भांडलं कुणी नव्हतं. ज्याच्याशी कुणी भांडत नाही तो त्या गल्लीत राहत नसतो, नुसता ठेवलेला असतो.

मिरच्यांबद्दल मॅडमनी मला लेखी समज दिली. त्या मी आता घरी पत्र्यावर टाकते. तिथे ऊन कमी पडतं.