आधी दोन घास

त्या दुपारी सुरतेतल्या पर्वत पाटिया भागात, साड्यांच्या दुकानात मी नुकताच डबा उघडला होता, तेवढ्यात सुनील आला. सुनील माझ्या फुईचा मुलगा. फुई म्हणजे आत्या. आम्हा खानदेशी लोकांची ती फुई. आठवडाभर ती दवाखान्यात होती. साड्यांच्या गठ्ठ्यांपाशी उभा राहून त्यानं विचारलं, "ताई, जेवनी का तू?" आणि विचारता विचारता त्याची हनुवटी थरथरली. मला कळायचं ते कळलं. आईचा प्रश्न त्यानं बरोबर उचलला होता, पण आईचा चेहरा काही बिचाऱ्याला मिळाला नाही...

सुरतेतच डिंडोलीला आम्ही राहतो, तिथल्या आमच्या गल्लीत त्या प्रश्नाची धास्ती होती. गावाकडे कुणी वारलं, की सुरतेत फोन यायचा तो शेजाऱ्याला, घरच्या माणसाला नाही. खरं ऐकल्यावर तो एवढा प्रवास करणार कसा? म्हणून 'तब्येत जरा बरी नाही' असं सांगून कुणीतरी त्याला गावापर्यंत सोबत करायची, अशी रीत. हे काम फुईचं. बाकीचे तोंड उघडायच्या आधीच डोळे पुसायला लागत. फुई जायची, "जेवना का?" विचारायची आणि नाही म्हटलं तर समोर बसून जेवू घालायची. एकदा कळल्यावर घास उतरत नाही, हे तिला ठाऊक. पुढे पुढे तर तिनं कुणाला सहज जेवणाचं विचारलं तरी तो घाबरून गावाला फोन लावायचा. आम्ही तिला त्यावरून चिडवायचो. ती हसायचीही नाही.

लोकांनी तिला नावंही ठेवली. कोरडी, दगड, आतड्याची माया नसलेली. फुआ, म्हणजे तिचे यजमान, गेले तेव्हा तिनं टाहो फोडला नाही. आलेल्यांना पाणी दिलं आणि सुनीलला जवळ घेऊन बसली. बाया कुजबुजल्या. एका शिकल्यासवरलेल्या पाहुण्यानं कौतुकानं 'निर्विकार' असा शब्द वापरला. मला दोन्ही पटत नाही. दगडाला काही झाकावं लागत नाही, आणि ज्याला आत काही होतच नाही त्याला कष्ट कसले? फुईला कष्ट पडत होते. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत, फक्त पाहताना कळले नव्हते.

माझे अप्पा, म्हणजे वडील, गेले तेव्हाची गोष्ट. सकाळीच फुई दारात. "चाल, गावले जानं शे. तुना बाप आजारी शे." जेवणाचं मात्र विचारलं नाही. हुशार बाई, मला लगेच संशय आला असता. उधना स्टेशनवरून आम्ही गाडीत बसलो. खिडकीची जागा तिनं मला दिली. नंदुरबार गेल्यावर स्टीलचा डबा उघडला, कळण्याची भाकरी आणि ठेचा. "आधी दोन घास खाई ले." मी तिलाही आग्रह केला, तर म्हणाली, "मनं पोट भरेल शे." मी खात खात बडबडत होते... अप्पांना सुरतेला आणू, मोठ्या डॉक्टरला दाखवू, आता त्यांना गावाला ठेवायचंच नाही. "हां, आनूत," असं म्हणत ती माझ्यासाठी भाकरी मोडत राहिली.

गावाच्या अलीकडे नाल्यावरच्या पुलाशी तिनं मला बसवलं, हात धरला आणि सरळ सांगितलं, "तुना बाप गया, बेटा." मग पदर तोंडात कोंबून ती अशी रडली, की मलाच तिला सावरावं लागलं. अप्पा तिचा एकुलता एक भाऊ. सकाळपासून तिला ठाऊक होतं, आणि तरी माझ्या पोटात भाकरी जाईपर्यंत तिनं पापणी हलू दिली नाही. तिला कोरडी म्हणणाऱ्यांनी त्या गाडीत बसायला हवं होतं. मला तिचा फार अभिमान आहे, आणि तो मी मुळीच झाकणार नाही.

तर त्या दुपारी सुनील माझ्यासमोर उभा होता. रात्रभर दवाखान्यात जागलेला, पोटात चहाशिवाय काही नसावं. मी त्याला गठ्ठ्यावर बसवलं आणि माझा डबा त्याच्यापुढे सरकवला. "आधी दोन घास खाई ले," मी म्हटलं, "मग सांग."

तो बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिला. माझा चेहरा तेव्हा कसा दिसत होता, मला ठाऊक नाही. सुनील जेवला.