आत्याच्या दुकानाला मी दिलेला नवा लूक

आमची आत्या एकदम ठणठणीत आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

वरचं नाव वाचून तुम्हाला वाटलं असंल, आता हे पोरगं सांगणार की मी आत्याच्या दुकानाचा कसा कायापालट केला, ऑर्डरींचा पाऊस कसा पडला, अन् शेवटी आपल्यालाच चार हिताच्या गोष्टी शिकवणार! तसलं काय नाय. पाऊस पडला, पण शिव्यांचा. (छत्री नव्हती.)

सुमनआत्या औरंगपुऱ्यात राहते अन् रुखवताचं सामान बनवून ऑनलाइन विकते. कोरलेल्या खोबऱ्याच्या वाट्या, मोत्यांची तुळस, शंकरपाळ्यांचा बंगला, असलं नवरीकडचे लग्नात मांडतात ना, ते सगळं. वस्तू एक नंबर! पण दुकानाचं पान उघडलं की डोळ्यांत तिखट गेल्यासारखं व्हायचं. लाल पानावर पिवळी अक्षरं, वर लुकलुकणारा मोर, अन् प्रत्येक फोटोत मागं कूलर, कोपऱ्यात आत्याचा अंगठा.

"आत्या, हे बदलावं लागंल. असल्यानं गिऱ्हाईक पळून जातं."

"आजवर तर कुणी पळालं नाय बाबा."

"पानाला श्वास घेऊ दे गं!" (हे वाक्य मी एका व्हिडिओतून ढापलेलं. अर्थ मलाही माहीत नव्हता.)

"घेऊ दे. पण अजिंठ्याच्या मंदाच्या ऑर्डरीचा घोळ करू नको. तिच्या पोरीचं अख्खं रुखवत माझ्याकडं दिलंय तिनं. एवढी मोठी ऑर्डर पहिल्यांदाच आली, अन् तीबी शाळेतल्या मैत्रिणीची."

मी लागलो कामाला. मोर उडवला. लाल रंग पुसून पान पांढरंशुभ्र केलं. 'विकत घ्या'चं बटण इतकं फिकट केलं की नंतर मलाच सापडंना. मग व्हिडिओवाला म्हणला, दुकानामागचा माणूस दिसू द्या. घेतला आत्याचा फोटो! तिची पोपटी साडी पांढऱ्यावर लई भडक दिसत होती, म्हणून फोटो ब्लॅक अँड व्हाइट केला. भोवती बारीक काळी चौकट. कोपऱ्यात दोन पांढरी फुलं. खाली आत्याचं नाव. बाकी एक शब्द नाय. साधेपणा म्हणजे साधेपणा! अन् लिंक टाकली, गिऱ्हाइकं-नातेवाईक सगळ्यांच्या ग्रुपवर. लिंकसोबत तो फोटोच केवढा मोठा दिसायला लागला.

पहिलं उत्तर आलं: जोडलेले हात. मग दुसरं, मग तिसरं. जोडलेल्या हातांची रांगच लागली! म्हणलं, काय कलेची कदर आहे राव आपल्या माणसांना! मी एकेकाला कळवत गेलो, "धन्यवाद! बरेच दिवस मनात होतं, आज जमलं!"

तेवढ्यात मंदाकाकूचा मेसेज: "लई वाईट झालं. पण सुतकातल्या घरचं रुखवत लग्नात कसं मांडावं? आम्ही दुसरीकडं बघतो. तुम्ही सावरा."

तेव्हा कुठं मी स्वतःचं डिझाइन डोळे उघडून बघितलं. फक्त हार घालायचा राहिला होता!

आत्या शहागंजला मोती आणायला गेलेली, फोन घरीच विसरून. ती यायच्या आत निस्तरावं म्हणून मी डोकं चालवलं. (इथंच चुकतं माझं.) मला नकला जमतात. आत्याच्याच फोनवरून, आत्याच्याच आवाजात:

"हॅलो मंदे, अगं मी सुमन! मला काय धाड भरली?"

पलीकडं किंकाळी. मग धप्प! मग काकूच्या नवऱ्याचा आवाज: "अक्षय व्हय ना रं तू? लग्नाकार्यात समद्यांचे आवाज काढत फिरणारा? आत्याला जाऊन दिवस नाय उलटला अन् तिची नक्कल करतो? लाज वाटत नाय?"

फोन कट. अन् दारात रिक्षा.

"काय रं, कोपऱ्यावरचा किराणावाला मला बघून आत का पळाला?"

मी सगळं सांगितलं. आत्यानं फोन हिसकावला.

"मंदा, मी सुमन बोलतेय. जिती हाय मी!"

"बास कर अक्षय! हुबेहूब जमतं म्हणून काय कायबी करशील?"

"आत्या, व्हिडिओ कॉल लाव," मी म्हणलं. लावला. अन् आमचं नेट! आत्याचा चेहरा तिकडं उमटला अन् तिथंच अडकला. हालंना का डुलंना.

"आता फोटो दाखवतो व्हय मला!" मंदाकाकू रडायलाच लागली. "रुखवत रद्द म्हणजे रद्द!"

'रद्द' कानावर पडलं अन् आत्यानं फोन माझ्या हातात कोंबला. हात मोकळे पायजे होते तिला.

"मुडद्या! जित्या बाईला चौकटीत बसवतो? वर लोकांना धन्यवाद म्हणतो? खोबरं कोरून बोटं सोलली माझी, अन् तू मलाच फुलं वाहतो व्हय!"

"आत्या, सॉरी, मी फक्त..."

"गप! तुझा बाप लहानपणी हौदात पडला तेव्हा मीच बाहेर ओढला. कशाला ओढला गं बाई मी!"

फोनमधून आवाज आला, "अहो, सुमनच हाय! जिती हाय! ह्या पोराला कुणाचाबी आवाज जमंल, पण असं तोंड सुमनचंच! सुमन, रुखवत तुझंच मांडणार गं मी! अन् थांबू नको, स्पीकरवर टाकते. ह्यांचीबी खात्री व्हायची हाय."

आत्या कशाला थांबते! काकांची खात्री झाली, मग शेजाऱ्यांना बोलावलं, मग लग्नाला आलेल्या पाहुण्यांना. अख्ख्या लग्नघराची खात्री पटत होती अन् मी मान खाली घालून उभा. मधेच तिकडून कुणीतरी म्हातारा ओरडला, "ओ, आवाज कमी येतोय!"

मी फोन आत्याच्या तोंडाजवळ धरला.