बावीस इंडेक्स आणि भाताची पोती
नव्या इंद्रायणीचा भात शिजायला लागला, की त्या वासावर तरंगत मी रिहे गावच्या भातगिरणीत पोचतो. सासऱ्यांच्या त्या गिरणीसाठी मी मोठ्या हौसेने प्रोग्राम लिहिला होता. कुणाचंही पोतं चटकन सापडावं म्हणून नाव, गाव, वाण, वजन, दिसेल त्या रकान्यावर इंडेक्स, म्हणजे शोधायची सूची, चढवली होती. चांगल्या बावीस! शोध क्षणात लागायचा, पण नवं पोतं आलं की जुना संगणक त्याला बावीस सूच्यांत जागा शोधत बसायचा. त्या दुपारी दारात टेम्पोंची रांग होती, उन्हात तुसाची सोनेरी धूळ तरंगत होती आणि डोंगरावरून अवकाळी ढग झोपेत चालल्यासारखे उतरत होते. नोंदीशिवाय पोतं आत घ्यायचं नाही, हा नियमही माझाच. "जावईबापू, भात भिजंल की!" सासरे म्हणाले. "आमी आधी पोती आत टाकतो, थप्प्या सांच्याला लावतो. तुमच्या यंत्राला येवढं जमत न्हाई व्हय?" मी सगळे इंडेक्स काढून टाकले. नोंदी झरझर होऊ लागल्या, आणि शेवटचं पोतं आत आलं तेव्हा पत्र्यावर पहिले थेंब वाजले. संध्याकाळी इंडेक्स पुन्हा लावले, तीनच. आता माणच्या आयटी पार्कातल्या ऑफिसात नव्या पोरांना मी हाच सल्ला गंभीर चेहऱ्याने, इंग्रजीत देतो. तो कुणाचा, हे मात्र अजून कुणी विचारलेलं नाही.